चेंबरमध्ये एक, मॅगझिनमध्ये आठ : रोज कमरेला लागणारं पिस्तूल भरायचं कसं

प्रश्न वणीकडच्या एका कापूस व्यापाऱ्याचा आहे. थोडक्यात असा : परवाना होऊन वर्ष झालं, बत्तीस बोअरचं ‘अशनी’ नावाचं पिस्तूल घेतलं, मॅगझिनमध्ये आठ काडतुसं बसतात. हंगामात चुकाऱ्याची रोकड घेऊन खेड्यापाड्यांत फिरावं लागतं, तेही बहुतेक वेळा मोटरसायकलवर. एका जाणत्या मित्राने सांगितलं की एक काडतूस चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला ते जिथून सुटतं त्या घरात, चढवायचं, मग मॅगझिन काढून त्यात कमी झालेलं एक पुन्हा भरायचं, म्हणजे एकूण नऊ होतात. हे रोज सकाळी असं भरतात, आणि घरात लहान लेकरं आहेत म्हणून रात्री पूर्ण रिकामं करतात. आता ते जादाचं काडतूस बसवताना मॅगझिन अडकल्यासारखं होतं, आणि चेंबरमधून रोज निघणाऱ्या काडतुसावर ओरखडे पडलेत. काही बिघडतंय का, आणि बरोबर पद्धत कोणती?

भाऊ, पिस्तूल बहुधा ठीक आहे. पद्धतीत मात्र दोन-तीन ठिकाणी गडबड आहे, आणि त्यातली एक अशी आहे की वाचून झाल्यावर आज रात्रीपासूनच बदला.

मी पोलीस मुख्यालयाच्या कोतात तीस वर्षं आर्मरर होतो. कोत म्हणजे शस्त्रं ठेवायची खोली. ड्यूटीवर निघणाऱ्याला मोजून द्यायचं, परत आल्यावर मोजून घ्यायचं, पुसायचं, नोंदवायचं. होल्स्टरमध्ये गप्प बसलेलं पिस्तूल आपल्या आपण सुटलं असं मी या तीस वर्षांत पाहिलं नाही. चुकून झालेले जेवढे फायर मला माहीत आहेत, ते सगळे भरताना, रिकामं करताना, पुन्हा होल्स्टरमध्ये घालताना नाहीतर ‘पाहू दे बरं’ म्हणून दुसऱ्याच्या हातात देताना झाले. तुम्ही दिवसातून दोनदा हा खेळ करता. वर्षाचे सातशेच्या वर प्रसंग झाले. दरोडेखोर तुम्हाला जन्मात एकदा भेटेल की नाही कोण जाणे, पण ही सातशे वेळची उठाठेव नक्की आहे. म्हणून नववं काडतूस कसं बसवायचं याच्या आधी, पिस्तुलाला हात किती कमी वेळा लावता येईल याचा विचार करा.

माझीच एक गोष्ट सांगतो, कारण ती तुमच्या रात्रीच्या रिकामं करण्याशी जुळते. पावसाळ्यातली रात्र होती, अकरा वाजून गेलेले, वीज गेलेली. एक साहेब बंदोबस्तावरून परतले आणि पिस्तूल टेबलावर ठेवून ‘लवकर घ्या’ म्हणाले. मी टॉर्च दातात धरला, पिस्तूल उचललं, नळी रेतीच्या पिंपात धरली आणि सरळ स्लाइड, म्हणजे पिस्तुलाचा वरचा सरकता भाग, मागे ओढली. एक काडतूस टणकन उडून टेबलावर पडलं, गरगर फिरलं, ते मी पाहिलं. काडतूस बाहेर पडलेलं डोळ्यांनी दिसलं की मन मोकळं होतं, हाच तो घात. त्यानंतर मी मॅगझिन काढलं. मग घोडा उतरवायला म्हणून चाप दाबला. बंद खोलीत जो आवाज झाला त्याने कान दोन दिवस वाजत होते, आणि पिंपातली रेती उडून माझ्या दातांत कचकचली. झालं एवढंच की मॅगझिन आत असताना स्लाइड ओढली, पहिलं काडतूस बाहेर गेलं आणि स्लाइड पुढे येताना दुसरं चेंबरमध्ये घेऊन आली. नळी पिंपात होती, म्हणून ही गोष्ट सांगायला मी नोकरीत राहिलो. समोर उभे असलेले साहेब त्यानंतर कधीच ‘लवकर’ म्हणाले नाहीत.

तेव्हा क्रम असा ठेवा, आणि झोपेत विचारलं तरी सांगता आला पाहिजे : आधी मॅगझिन, मग स्लाइड. मॅगझिन काढलं की ते टेबलावर नाही, खिशात घाला, म्हणजे हात चुकून ते परत आत घालणार नाही. मग स्लाइड पूर्ण मागे ओढा, काडतूस पडू द्या. ते झेलायचा प्रयत्न करू नका. हवेत पकडण्याच्या नादात तळहात नळीच्या तोंडापुढे किंवा बोट चापावर जातं. स्लाइड आणखी दोनदा ओढा आणि मागेच अडकवा. ती मागे अडकत नसेल तर हाताने धरून ठेवा. चेंबरमध्ये डोळ्याने बघा, मग करंगळीचं टोक घालून बघा. अंधारात डोळा फसतो, करंगळी फसत नाही. मॅगझिन जिथे जातं ती पोकळीही बघा. एकदा नजर दुसरीकडे न्या आणि परत बघा. एवढं झालं की रिकामं. सेफ्टीची खिट्टी लावली की काही पिस्तुलांची स्लाइड हलतच नाही, त्यांची सेफ्टी रिकामं करताना काढावी लागते. तेव्हा बोट चापापासून लांब, सांगाड्याला चिकटून सरळ हवं.

हे सगळं कुठे उभं राहून करता, हे तुम्ही लिहिलं नाही. मी अंदाज करतो : पलंगावर बसून. आपल्याकडच्या घरांत पलंगावरून नळी ज्या भिंतीकडे जाते ती अर्ध्या विटेची असते, नाहीतर कुडाची, नाहीतर पलीकडे गोठ्याचं टिन. बत्तीसची गोळी लहान म्हणून तिला कमी समजू नका, टिन आणि कूड तिला अडवत नाहीत. जमिनीकडे धरावं तर शहाबादी फरशी, तिच्यावरून गोळी उसळते. म्हणून कोतात असायचा तसा रेतीचा पिंप घरी करा. खर्च नाही. वीस लिटरची रंगाची रिकामी बादली घ्या, कोरड्या रेतीने काठोकाठ भरा, वर बारदान्याचा तुकडा बांधा म्हणजे रेती सांडत नाही आणि मांजर घाण करत नाही. बादली भिंतीच्या कोपऱ्यात, लेकरांच्या खोलीच्या उलट्या बाजूला, कमरेच्या उंचीच्या घट्ट ओट्यावर ठेवा. नळी बारदान्याच्या वर चार बोटं, तोंड रेतीच्या मधोमध खाली. रेतीत खुपसू नका, नळीत कण गेले तर नवीच आफत. फूटभर खोल कोरडी रेती पिस्तुलाची गोळी जिरवते. भरणं असो की रिकामं करणं, या बादलीशिवाय दुसऱ्या कुठल्याही जागी करायचं नाही. त्या वेळी खोलीत दुसरं माणूस नको, मोबाइल बाहेर, आणि एक घोटही घेतलेला असेल त्या दिवशी पिस्तुलाला हात नाही.

आता तुमच्या नऊ काडतुसांकडे येतो.

चेंबर भरून फिरायचं की रिकामं ठेवून, यावर आमच्यातही वाद होतात आणि दोन्ही बाजूंना तथ्य आहे. ज्या पिस्तुलात फायरिंग पिन, म्हणजे काडतुसाच्या बुडावर आदळणारी बारीक सळई, अडवणारा ब्लॉक आत बसवलेला असतो, चाप पूर्ण दाबल्याशिवाय पिन पुढे जाऊच शकत नाही, ते चेंबर भरून नेता येतं, आणि प्रशिक्षण झालेली माणसं नेतात. पण आपल्याकडे परवान्यावर मिळणारी बत्तीसची बरीच पिस्तुलं जुन्या घडणीची आहेत, त्यात बाहेरची सेफ्टी काय ती असते. तुमच्या पिस्तुलाच्या माहितीपत्रकात असा ब्लॉक असल्याचं स्वच्छ लिहिलेलं नसेल, तर ते दगडावर पडलं की सुटू शकतं असंच धरून चाला. त्यात तुम्ही मोटरसायकलवर, पांदण रस्त्यावर, आणि पावसाळ्यात काळ्या मातीत घसरून पडणं आपल्याकडे काही नवलाचं नाही. माझा सल्ला : चेंबर रिकामं, मॅगझिन भरलेलं, होल्स्टर पक्कं. याची किंमत आहे, ती लपवत नाही. वेळ आलीच तर स्लाइड ओढायला दुसरा हात लागेल, आणि एक हात हँडलवर असेल तर तो मोकळा व्हायला वेळ जाईल. पण हँडल धरलेल्या माणसाने एका हाताने पिस्तूल काढून काही साधेल, असंही मला वाटत नाही. रोकड सांभाळायची तर जाण्याची वेळ आणि वाट रोज बदलणं, सोबत माणूस असणं आणि होईल तेवढे चुकारे बँकेतून करणं, याने पिस्तुलापेक्षा जास्त काम होतं. हे आर्मरर सांगतोय म्हणून हसू नका.

तरीही चेंबर भरायचंच असं ठरवलं, आणि पिस्तूल त्या लायकीचं असल्याची एखाद्या जाणकार दुरुस्तीवाल्याकडून खात्री करून घेतली, तर जादाचं एक काडतूस भरण्याची पद्धत सांगतो.

पिस्तूल रिकामं असल्याची वर सांगितली तशी खात्री करा. नळी बादलीवर. भरलेलं मॅगझिन तळहाताने ठोकून आत बसवा, ‘टक’ ऐका, आणि लगेच बोटांनी खाली ओढून बघा. सुटून हातात आलं तर ते बसलंच नव्हतं. सेफ्टी आड येत नसेल तर लावूनच ठेवा. आता स्लाइड पूर्ण मागे ओढा आणि सोडून द्या. हाताने धरून हळू पुढे आणू नका. स्प्रिंगच्या पूर्ण जोराने गेली तरच काडतूस नीट बसतं आणि स्लाइड शेवटपर्यंत मिटते. सेफ्टी लावा. मग पिस्तूल होल्स्टरमध्ये घाला, घाई न करता, डोळ्याने बघत.

आता मॅगझिन काढायचं, पण पिस्तूल होल्स्टरमध्येच राहू द्या. बटण दाबून मॅगझिन बाहेर घ्या, कमी झालेलं एक काडतूस भरा, मॅगझिन परत आत घाला, ओढून बघा. होल्स्टर चाप पूर्ण झाकणारं असेल तर या सगळ्या वेळात चापाला काही लागू शकत नाही. बरेच जण हेच काम पिस्तूल हातात धरून करतात. एका हातात भरलेलं पिस्तूल, दुसऱ्या हातात मॅगझिन आणि काखेत काडतुसाचा डबा. कशाला? होल्स्टर असं असेल की त्यात मॅगझिनचं बटण दाबता येत नाही, तर मग नाइलाजाने बादलीवर करा.

यात एक गोष्ट घरातल्या मोठ्या माणसांनाही शिकवून ठेवा : मॅगझिन बाहेर आहे म्हणजे पिस्तूल रिकामं नाही. चेंबरमधलं एक काडतूस जागेवरच असतं आणि बऱ्याच पिस्तुलांत मॅगझिनशिवायही फायर होतो.

तीन गोष्टी लोक हौसेने करतात, त्या करू नका. एक, सुटं काडतूस बोटाने चेंबरमध्ये टाकून वरून स्लाइड सोडणं. पुंगळी (काडतुसाचं पितळी कवच) ओढणारा जो बारीक आकडा असतो तो काडतुसाच्या कडेखाली सरकत यावा अशी बहुतेक पिस्तुलांची घडण असते. त्याला कडेवरून उडी मारायला लावली की तो आज नाही तर उद्या तुटतो. दोन, चेंबर भरल्यावर अंगठ्याने घोडा धरून, चाप दाबून, तो हळू खाली आणणं. घामेजलेला अंगठा एकदाच निसटावा लागतो. तीन, ‘आहे ना काडतूस?’ म्हणून दिवसातून चार वेळा स्लाइड अर्धी ओढून बघणं. ज्याला सकाळी केलेल्या कामाचा भरवसा नाही त्याने ते काम पुन्हा पहिल्यापासून बादलीवर करावं.

तुमचं मॅगझिन का अडकतं, याची दोन कारणं असू शकतात आणि दोन्ही शोधायला सोपी आहेत. पहिलं असं. स्लाइड मागे असताना भरलेलं मॅगझिन सहज बसतं, पण स्लाइड पुढे मिटलेली असली की तिचा खालचा भाग वरच्या काडतुसाला दाबतो. मॅगझिन काठोकाठ भरलेलं असेल तर स्प्रिंगला आणखी दबायला जागा उरत नाही. मग मॅगझिन आत गेल्यासारखं वाटतं, पण खाच अडकत नाही. सकाळी बसलं म्हणून निघालात आणि तिसऱ्या खड्ड्याला ते पांदणीत पडलं, असं एका सद्गृहस्थाचं झालेलं मला माहीत आहे. दोन दिवस गडी लावून तुरीच्या ओळी शोधल्या, ठाण्यात खबर दिली ती वेगळीच. म्हणून मॅगझिन भरल्यावर सगळ्यात वरच्या काडतुसावर अंगठा दाबून बघा. ते थोडं तरी खाली गेलं पाहिजे. दगडासारखं घट्ट लागलं तर एक कमी भरा. मी तर सांगेन आठच्या जागी सातच भरत जा. मित्राचं नऊचं गणित कागदावर सुंदर आहे, पण दुसरं काडतूस चढलंच नाही तर बाकीचे आठ मोजून काय करता?

दुसरं कारण बत्तीसच्या पिस्तुलाचं खास आहे. या काडतुसाच्या बुडाला जी कड असते ती पुंगळीच्या अंगापेक्षा किंचित बाहेर आलेली असते. नऊ एमएमच्या काडतुसाला तशी नसते. मॅगझिनमध्ये काडतुसं एकावर एक बसतात तेव्हा वरच्याची कड खालच्याच्या कडेच्या पुढे, म्हणजे नळीच्या बाजूला असायला हवी. ती मागे राहिली की वरचं काडतूस पुढे सरकताना त्याची कड खालच्याच्या कडेला अडते आणि दोघं एकमेकांत फसतात. असं फसलेलं मॅगझिन स्लाइड दहा वेळा ओढून सुटत नाही, मॅगझिन काढून काडतुसं उपसावी लागतात. तुम्ही रोज एक काडतूस काढता-घालता, घाईत ते वरून सरळ दाबता, तिथे हे घडत असावं. भरताना काडतूस आधीच्या काडतुसाच्या पुढच्या अर्ध्यावर ठेवा, खाली दाबा आणि मग मागे सरकवा. प्रत्येक काडतुसाला असंच. मॅगझिनच्या बाजूला छिद्रं असतील तर त्यातून उजेडाला धरून कडांची रांग बघा : जिन्याच्या पायऱ्यांसारखी, प्रत्येक वरची थोडी पुढे. छिद्रं नसतील तर वरची दोन तरी नीट बघता येतात.

आता ओरखड्यांचं. पितळेच्या कडेवरचे बारीक ओरखडे आकड्याचे आहेत, त्याने काही होत नाही. काळजी दुसऱ्या गोष्टीची करा. तेच ते काडतूस रोज चेंबरमध्ये चढतं तेव्हा प्रत्येक वेळी गोळीचं नाक चेंबरच्या उतारावर आपटतं. असं होत होत गोळी पुंगळीत मागे दबत जाते. आत बारुदाला जागा कमी पडली की फायरच्या वेळी दाब वाढतो, आणि किती वाढेल याचा नेम नाही. तपासायची रीत साधी आहे. खिडकीच्या काचेचा सपाट तुकडा घ्या. त्यावर नवं काडतूस आणि तुमचं रोजचं काडतूस शेजारी शेजारी उभं करा आणि डोळा काचेच्या पातळीला आणून बघा. दोघांची उंची सारखी पाहिजे, पंचवीस मिलिमीटरच्या आसपास. वरून अंगठ्याचं नख आडवं फिरवलं तर अर्ध्या मिलिमीटरचाही खळगा नखाला कळतो. माझा नियम असा : चेंबरमध्ये चढलेल्या काडतुसाच्या पुंगळीवर मार्करने बारीक ठिपका द्यायचा. एका काडतुसाला दोन ठिपके झाले की ते रोजच्या कामातून बाद, सरावाच्या डब्यात. ठिपका पुंगळीच्या अंगावर द्या, बुडाच्या मधल्या, पिन जिच्यावर आदळते त्या टोपीवर नको, तिथे शाई किंवा तेल मुरलं तर काडतूस फुसकं निघतं.

चेंबर रिकामं ठेवून फिरलात तर हा ठिपक्यांचा हिशेबच उरत नाही, हेही ध्यानात घ्या.

रिव्हॉल्व्हरवाल्यांसाठी दोन ओळी, कारण हा प्रश्न त्यांचाही असतो. तिथे जादाचं भरणं वगैरे काही नाही. मोडून उघडायचं, भरायचं, मिटायचं. जुनं रिव्हॉल्व्हर असेल तर सहापैकी पाचच घरं भरा आणि घोड्याखाली रिकामं घर येऊ द्या. पण खरेदीत सावध राहा : दोघांनाही लोक ‘बत्तीस’च म्हणतात, काडतुसं मात्र वेगळी. पिस्तुलाच्या पुंगळीची लांबी 17 मिलिमीटर, रिव्हॉल्व्हरची 23. दोन भावांकडे दोन शस्त्रं आणि कपाटात एकच डबा, असं मी पाहिलंय. पिस्तुलाचं काडतूस रिव्हॉल्व्हरच्या घरात जातंही, म्हणून तर जास्त भीती. डबे वेगळे ठेवा, डब्यावर रंगाने खूण करा.

तुमच्या धंद्यात एक शत्रू असा आहे जो पुस्तकात सापडत नाही : रुई. जिनिंगमध्ये तासभर उभं राहिलात की भुवयांवर कापूस बसतो, तोच पिस्तुलात जातो. तेल लावलेल्या पिस्तुलात तो चिकटतो, तेल आणि तंतू मिळून वातीसारखा लगदा होतो, आणि तो नेमका फायरिंग पिनच्या भोकात आणि आकड्याखाली जाऊन बसतो. एका व्यापाऱ्याचं पिस्तूल माझ्याकडे ‘पिन मारत नाही’ म्हणून आलं होतं. चिमट्याने ओढला तर दिव्याला पुरेल एवढी वात निघाली. हंगामात दर आठवड्याला पिस्तूल खोलून पुसा. तेल स्लाइडच्या खाचांना थेंबभर, आणि मग जवळजवळ सगळं पुसून टाका. काडतुसांना तेल नाही. गंज सोडवणारं स्प्रेचं तेल तर पिस्तुलाच्या खोलीतही आणू नका, ते टोपीच्या फटीतून आत शिरून काडतूस मारतं. मे महिन्यात सेहेचाळीसच्या वर पारा जातो तेव्हा काडतूस आपोआप फुटत नाही, ती भीती सोडा, पण उन्हात उभ्या गाडीच्या डॅशबोर्डवर रोज तापलेली बारूद लवकर म्हातारी होते. घामाचा त्रास जास्त. कमरेला लागणारी बाजू रोज रात्री कोरड्या फडक्याने पुसा. चामड्याच्या पट्ट्यात काडतुसं खोचून ठेवू नका, पितळेवर हिरवा चिकट थर येतो आणि मग ती चेंबरमध्ये अडकतात.

होल्स्टर कडक घ्या, चाप पूर्ण झाकणारं, वरून पट्टी असलेलं. मऊ झालेल्या जुन्या चामड्याची घडी आत वळते आणि पिस्तूल घालताना चाप दाबते. सदऱ्याचं टोक, दुपट्ट्याची दशी, जॅकेटची नाडी यांनीही तेच होतं, म्हणून घालताना दुसऱ्या हाताने कपडा वर धरायचा. आणि पिस्तूल पॅंटच्या खिशात नको. खर्ऱ्याची पुडी, चाव्या, चिल्लर आणि त्यांच्यात पिस्तूल, अशा खिशातून निघालेलं हत्यार मी हातात घेऊन झटकलंय. सुपारीचे तुकडे पडले.

कायद्याचं थोडक्यात. परवान्यावर लिहिलेल्या अटी एकदा चष्मा लावून वाचा. जत्रा, धार्मिक मिरवणूक, सार्वजनिक सभा आणि शाळा-कॉलेजच्या आवारात पिस्तूल नेता येत नाही, जिल्हाधिकाऱ्यांची खास परवानगी असेल तरच. म्हणजे पोळ्याच्या गर्दीत कमरेला नको. लग्नात हवेत फायर करणाऱ्यांसाठी 2019 च्या दुरुस्तीने दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही ठेवलेत. निवडणुकीत जमा करायला सांगितलं तर रिकामं करून, स्लाइड मागे अडकवून, काडतुसं वेगळ्या पिशवीत न्या. ठाण्याच्या टेबलावर रिकामं करायला बसू नका.

राहता राहिलं रात्रीचं. लेकरं आहेत म्हणून रिकामं करता, हे बरोबरच. पण चेंबर रिकामं ठेवून फिरत असाल तर रात्री फक्त मॅगझिन काढायचं, चेंबर तपासायचं आणि पिस्तूल एका कुलूपपेटीत, मॅगझिन दुसऱ्या. मॅगझिनमधली काडतुसं रोज उपसायची गरज नाही, भरून ठेवल्याने चांगली स्प्रिंग मरत नाही, ती सारखी दाबून-सोडून जास्त थकते. उशाखाली, धान्याच्या कोठीवर, देवघरामागे, या जागा आपल्याला गुप्त वाटतात, पण त्या लेकरांना आपल्याआधी ठाऊक असतात. चावी अंगावर.

आणि ते ओरखड्याचं काडतूस काचेवर उभं करून बघाच. नव्यापेक्षा बुटकं निघालं तर सरावातही झाडू नका. चिमट्याने गोळी ओढून सरळ करायच्या भानगडीत पडू नका, विहिरीतही टाकू नका, ते तुमच्या परवान्याच्या हिशेबात आहे. वेगळ्या डबीत ठेवा आणि पुढची काडतुसं घ्यायला जाल तेव्हा दुकानदाराला दाखवून ते नोंदीसकट कसं जमा करायचं ते विचारा.